पाटाचे पाणी आणि ठिबक: डासांच्या दृष्टीने

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक सर्वदूर पोहोचले असले, तरी पांझरा आणि गिरणेकाठी पाटाने भिजणारे शिवार अजून बरेच आहे. हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासाची मादी स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालते. त्यामुळे पाण्याची पाळी संपल्यावर फुटक्या चारीत आणि बांधालगतच्या डबक्यात आठ-दहा दिवस साचून राहणारे पाणी तिला पुरेसे होते. अशा डबक्यात वाकून पाहिले, तर पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या, काडीच्या तुकड्यासारख्या अळ्या दिसतात. पाळ्यांमध्ये अंतर ठेवून चारी पूर्ण कोरडी होऊ दिली, तर हा धोका बराच घटतो.

ठिबकाखाली रान कोरडे राहते, म्हणून हिवतापापुरते ते मला निःसंशय सरस वाटते. मात्र पाणी साठवण्यासाठी बांधलेले उघडे हौद, सालदाराच्या खोलीजवळचे पिंप आणि केळीच्या पानांच्या बेचक्यांत साचणारे पाणी यांत डेंग्यूचे एडिस डास वाढू शकतात, आणि त्यांची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात. म्हणून हौद नुसता रिकामा करणे पुरेसे नाही; त्याच्या कडा घासाव्याच लागतात.