धरण की दलदल? बॉस्टनचा हिशेब

अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ समुद्राला मिळणाऱ्या चार्ल्स नदीच्या पुरावर सैन्याच्या अभियंत्यांपुढे १९७० च्या दशकात दोन पर्याय होते. पहिला नेहमीचाच: धरण आणि भिंती, अंदाजे १० कोटी डॉलर. दुसरा म्हणजे वरच्या खोऱ्यातली सुमारे ८,००० एकर पाणथळ जमीन आहे तशीच राखायची. खर्च साधारण १ कोटी.

खरी गंमत १९६८ च्या पुरात दिसली होती. खाली शहरात डांबर-काँक्रीटवरून पाणी काही तासांत नदीत कोसळलं. वरचं पाणी मात्र लव्हाळ्यात आणि स्पंजासारख्या कुजट मातीत अडकून पडलं आणि सावकाश, काही दिवसांनी खाली पोचलं. दोन्ही लोंढे एकदम आले नाहीत, म्हणून नुकसान आटोक्यात राहिलं.

धरणाला गाळ, डागडुजी, झडपा आल्याच. दलदलीला फक्त बिल्डरपासून राखण लागते (आणि तेच काम अवघड!). म्हणून काही जमीन विकत घेतली, उरलेल्यावर बांधकाम न करण्याचे हक्क घेतले.

मला दलदलच पटते. पण तीच पुरेशी नव्हती: नदीच्या मुखाशी १९७८ मध्ये पंप असलेला बांध बांधावाच लागला, कारण शहरातलं पाणी मुरायला जागाच उरली नव्हती.