ब्रुक्स बी-१७: कोल्हापूरच्या एका पावसाळ्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सायकलला ब्रुक्स या इंग्लिश कंपनीची बी-१७ ही कातडी सीट बसवली. आता ऊन तापायला लागलंय. रोज शिवाजी विद्यापीठापर्यंत जाणं-येणं आणि सुट्टीला पन्हाळा किंवा जोतिबा, एवढ्या वापरावर लिहितोय.

या सीटमध्ये फोम नसतो. जाड कातड्याचा एकच तुकडा पुढून-मागून ताणून लोखंडी सांगाड्यावर रिवेटनं ठोकलेला असतो. त्यामुळं सुरुवातीला कडक लागते, आणि ज्याला दुकानात बसून बघायचं असेल त्याला ती हमखास आवडणार नाही. पण बसणाऱ्याच्या हाडांखाली कातडं हळूहळू दबतं आणि नेमके तिथंच दोन खळगे पडतात. माझी सीट दसऱ्याच्या आसपास अंगवळणी पडली. आता पन्हाळ्याचा घाट बसून चढताना खाली काही आहे हे जाणवतही नाही.

निगा कशी राखायची हे विचारायला सीट घेऊन सुभाषनगरात गेलो. तिथं चपला बांधणाऱ्या एका काकांनी ती उलटी केली, कड चोळून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, “सालीनं कमवलेलं हाय. पायताणाचंच कातडं समजा. तेल पाजू नका, नाहीतर ढिलं पडंल.” आपल्याकडं कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. झाडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्याच्या तंतूंना धरून ठेवतं. पाण्यानं हे तंतू फुगून सैल होतात, आणि जास्त तेलानं इतके घसरडे होतात की वजनाखाली सीट झोळीसारखी लोंबते. म्हणून कंपनीचं प्रूफाइड (प्राण्यांची चरबी, कॉड माशाचं तेल, मेण असं मिश्रण) बोटाच्या टोकावर घेऊन पातळ लावायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी फडक्यानं पुसायचं. मी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लावलं. एवढं पुरलं.

खरा शत्रू आकाशातला पाऊस नाही, मागच्या चाकानं खालून उडवलेलं पाणी. खालची बाजू खरखरीत असते, ती पाणी पटकन पिते. मडगार्ड लावलं आणि सायकल उभी करताना वर प्लॅस्टिकची टोपी घातली. तरी भिजलीच तर सावलीत वाळू द्यायची, ओली असताना तिच्यावर बसायचं नाही, उन्हात तर ठेवायचीच नाही. कातड्याला ताण द्यायच्या पुढच्या नटाला मी अजून हातही लावलेला नाही. खळगे पडले म्हणून पाना फिरवणारे कातडं उगाच ताणतात.

आता ‘मेड इन’चं. ब्रुक्स १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली, २००२ पासून ती इटलीच्या सेले रॉयाल समूहाकडं आहे. कातडी सीट आजही बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकला बनतात, पण त्याच नावाची कॅम्बियम ही रबर-कापडाची सीट इटलीत बनते. म्हणजे नाव एक, देश दोन. यात कुणाला फसवणूक वाटायचं कारण नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तोही महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. कर्नाटकातल्या अथणीत बांधलेली जोडीही कोल्हापुरीच.

मित्रानं ऑनलाइन ‘इंग्लिश लेदर’ नावाची स्वस्त सीट मागवली. पानावर मूळ देश कुठंच नव्हता, खरं तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यायलाच हवा. कड बघितली तर वर पातळ रेक्झिन, आत फोम. देशाच्या नावापेक्षा मी आता कडच आधी बघतो: सलग, तंतुमय, आरपार एकाच जातीचं कातडं हवं. मग खालची बाजू, मग रिवेट, मग ताणाचा नट आणि त्याचे सुटे भाग मिळतात का. भारतीय कारखान्यानं असं कातडं ताणून बसवलेली सीट दिली तर मी ती आनंदानं घेईन. कातडं कमावणारे हात इथं आहेतच.

ज्यांच्या सायकलला मडगार्ड बसत नाही आणि जी रात्री उघड्यावर उभी असते, त्यांनी ही सीट घेऊ नये. बाकी रोज लांबचं अंतर कापणाऱ्यांनी जरूर घ्यावी.