मानव वॉरियर, सात महिन्यांनंतर: घोड्यावर १० गोल्ड वाचले, कुऱ्हाडीत २० बार गेले

आर्केनाइट रीपर ही कुऱ्हाड एकदा हातात घेतली की ती तुमची. मग ती लिलावात लावता येत नाही, कुणाला देताही येत नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते वेगळंच, आणि ते कळल्यावर दोन दिवस गेम उघडला नाही. राग उतरल्यावर ठरवलं, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या क्लासिक, म्हणजे जुन्या आवृत्तीत 'मानव' हा वंश सात महिने वापरून काय हाती लागलं ते एकदा लिहून काढू. लेव्हल, टॅलेंट, रेड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

मानव निवडला तो आवडीने नाही. धाकट्या भावाने नाइट एल्फ घेतला, कारण तो सावलीत गायब होतो. मी पानभर तक्ते बघत बसलो. पहिल्या लेव्हलला मानवाचे ताकद, चपळाई, दम, बुद्धी, सगळे आकडे २०. ड्वार्फची ताकद २२ पण चपळाई १६. नाइट एल्फची चपळाई २५, ताकद १७. म्हणजे मानव हा वंश नसून मोजपट्टी आहे, बाकीचे तिच्यावर मोजलेले. त्यात स्पिरिट ५% जास्त देतात, पण वॉरियरला त्याचा उपयोग लढाई संपल्यावर बसून जखमा भरताना. असो.

मला पटलं ते मानवांचं रेशियल (वंशाचा खास गुण) 'डिप्लोमसी'. कुठल्याही गटाकडून मिळणारं रेप्युटेशन (त्या गटाची मर्जी) १०% जास्त. यात बटण दाबायचं नाही, ते तयार व्हायची वाट बघायची नाही, काही चमकत नाही. १०० च्या जागी ११० येतात आणि कोणी बोलत नाही. भाऊ म्हणाला, "दादा, हे काय रेशियल आहे?" त्याला हिशेब करून दाखवला. न्यूट्रलपासून (मधे फ्रेंडली, ऑनर्ड, रिव्हर्ड या पायऱ्या) एक्झाल्टेडपर्यंत ३,००० + ६,००० + १२,००० + २१,०००, म्हणजे ४२,०००. मानवाला तेच अंतर इतरांच्या मोजणीने ३८,१८२ ला संपतं. ५०-५० गुणांची कामं करत गेलात तर इतरांच्या ८४० फेऱ्या, आपल्या ७६४. शहात्तर फेऱ्या कमी! त्याने ऐकलं, 'बरं' म्हटलं आणि गायब झाला. अक्षरशः.

फळ मिळालं चाळिसाव्या लेव्हलला. मानवांच्या एल्विन जंगलाच्या पूर्व टोकाला ईस्टव्हेलच्या लाकूडतळाजवळ घोडे मिळतात. शिकवणीचे २० गोल्ड, घोड्याचे ८०. मानवांची राजधानी स्टॉर्मविंड, तिच्याशी ऑनर्ड असाल तर दोन्हींवर १०% सूट. मी ९० दिले. भाऊ नाइट एल्फांचा सुरुवातीचा प्रदेश टेलड्रासिल अर्धवट सोडून माझ्याबरोबर मानवांच्या वेस्टफॉलमध्ये हिंडला होता, त्यामुळे त्यांचं शहर डार्नासस त्याला अजून फ्रेंडलीच समजत होतं. वाघासाठी पुरे १०० मोजले. त्या संध्याकाळी मी त्याला दोन वेळा विचारलं, किती दिले म्हणून. खरं सांगायचं तर मी इतक्या क्वेस्ट केल्या होत्या की डिप्लोमसी नसती तरी ऑनर्ड झालोच असतो. हे त्याला सांगितलेलं नाही.

इथे थोडं भरकटतो, कारण मानवांच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लागलेली बाब पैशाचीच आहे. हे लोक व्रायकुलांचे वंशज, अराथी टोळ्या, थोराडिनचं साम्राज्य, मग त्याची सात राज्यं झाली वगैरे इतिहास वाचायला ठीक. पण खेळताना अंगावर येतं ते वेस्टफॉल. पहिल्या युद्धात ऑर्कांनी स्टॉर्मविंड पाडलं. ते पाथरवटांनी पुन्हा बांधलं. आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली. त्या पाथरवटांचा मुख्य एडविन व्हॅनक्लीफ, त्याने पुढे डिफायस टोळी उभी केली. आपण दहाव्या-अकराव्या लेव्हलपासून तोंडाला लाल फडकी बांधलेल्यांना मारत सुटतो. डेडमाइन्स या खाणीत शेवटी जहाजावर व्हॅनक्लीफला मारल्यावर त्याच्या अंगावर एक न पाठवलेलं पत्र सापडतं, बॅरोस ॲलेक्स्टनच्या नावचं. ते घेऊन कॅथेड्रल चौकातल्या नगरभवनात जायचं, तिथे हा बॅरोस शहराचा वास्तुकार म्हणून बसलेला असतो. एकाने शहर बांधलं आणि खाणीत लपून मेला, दुसरा अजून त्याच शहराच्या कामावर. मी काटकसरी माणूस आहे, पण काटकसर आपल्या ताटातून करायची असते, दुसऱ्याच्या मजुरीतून नव्हे. त्या दिवसानंतर स्टॉर्मविंडच्या दरवाजातल्या वीरांच्या पुतळ्यांखालून घोडा नेताना मला दगडच दिसतात. ते १० गोल्ड त्याच शहराच्या ओळखीवर वाचले होते, हेही आठवतं.

बाकी किल्ल्यात गादीवर लहान मुलगा, कारभार बोल्वार नावाच्या सरदाराकडे, शेजारी लेडी प्रेस्टर. ती कोण ते तुम्हाला कळेलच.

'परसेप्शन' या रेशियलबद्दल दोन ओळी पुरतात. २० सेकंद लपलेले शत्रू जास्त नीट दिसतात, मग तीन मिनिटं थांबा. 'रोग' (rogue, म्हणजे लपून वार करणाऱ्या वर्गाचा खेळाडू) येणार हे आधी कळलं तरच दाबता येतं, आणि आधी कळलं तर दाबायची गरज काय? स्ट्रँगलथॉर्नमध्ये एकाच अनडेड 'रोग'ने मला एका दुपारी सहा वेळा मारलं. सहाव्यांदा मी परसेप्शन दाबून उभा होतो. एकविसाव्या सेकंदाला आला.

इथपर्यंतचं मी पाचव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. शेवटी निकाल असा होता: "मानव घ्या, डिप्लोमसीसाठी. तलवार-गदेचं स्पेशलायझेशन नावापुरतं आहे, कधी फरक जाणवला नाही." हे वाक्य आता मागे घेतो.

झालं असं. साठ लेव्हल झाल्यावर सगळ्या जुन्या वॉरियरांप्रमाणे मलाही ती कुऱ्हाड हवी होती. तिला लागतात २० आर्केनाइट बार, म्हणजे धातूच्या कांड्या. प्रत्येक बारला एक थोरियम बार आणि एक आर्केन क्रिस्टल, आणि अल्केमिस्टला तो बनवल्यावर दोन दिवस थांबावं लागतं. लिलावातले तयार बार घेतले तर दिवाळं निघालं असतं. म्हणून मी खाणकाम शिकलो, क्रिस्टल एकेक करून साठवले, गिल्डमधल्या (आमच्या खेळाडूंच्या संघातल्या) दोघा अल्केमिस्टांच्या मागे लागून बार करून घेतले. वीस बार होईपर्यंत महिना गेला. वर एन्चँटेड लेदर, घासायचे दगड, ते चिल्लर. लोहाराला बक्षिसी दिली ती मात्र मनापासून.

पहिल्याच रेडमध्ये गिल्डच्या अधिकाऱ्याने विचारलं, "ह्यूमन आहेस ना? मग कुऱ्हाड का?"

मी म्हटलं, "का म्हणजे?"

स्किलची यादी उघडून बघ म्हणाला. उघडली. तलवारीपुढे ३०५. कुऱ्हाडीपुढे ३००.

मानवाला तलवार-गदेवर मिळणारे हे पाच गुण लेव्हल वाढवताना जाणवत नाहीत, कारण समोरचा प्राणी आपल्याच लेव्हलचा असतो. रेडचा बॉस ६३ लेव्हलचा धरला जातो आणि त्याचा बचाव ३१५. ३०० स्किलने स्पेशल वार चुकू नये यासाठी ९% हिट (वार लागण्याची शक्यता वाढवणारा गुण) लागतो, ३०५ ला ६% पुरतो. शिवाय बॉसवर साध्या वारांपैकी ४०% वार निसटते बसतात. ३०० ला अशा वारात सरासरी ६५% मार लागतो, ३०५ ला ८५%. म्हणजे हिटचे तीन टक्के तर फुकट मिळतात, वर प्रत्येक निसटत्या वारात भर. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या अंगात होतं आणि मी त्याला 'नावापुरतं' म्हणत होतो. कुऱ्हाडीचे पाच गुण कोणाला मिळतात? ऑर्कांना. महिनाभर क्रिस्टल वेचून मी शत्रूच्या वंशाचं हत्यार घडवलं.

यात वंशाचा दोष नाही. ओळ पहिल्याच पडद्यावर लिहिलेली असते. मी १०% रेप्युटेशनच्या इतका प्रेमात पडलो होतो की खालची ओळ नीट वाचलीच नाही. चिडून कुऱ्हाड दुकानदाराला विकायला नेली तर त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून परत फिरलो. ऑनर्ड असल्याची सूट खरेदीला, विक्रीला छदामही जास्त मिळत नाही. आता ती बँकेत आहे. जागा अडवते.

नंतरच्या आवृत्त्यांत हा वंश बराच बदलला, म्हणून एवढंच: २००८ मध्ये 'एव्हरी मॅन फॉर हिमसेल्फ' (शत्रूने जखडल्यावर सुटण्याचं बटण) आलं आणि पीव्हीपीवाल्यांची, म्हणजे इतर खेळाडूंशी लढणाऱ्यांची, एक ट्रिंकेटची जागा मोकळी झाली, त्यामुळे तिथे मानवांची रांग लागली. शिकारी व्हायला मात्र मानवांना २०१० पर्यंत थांबावं लागलं. डिप्लोमसी अजून आहे. बरोबरच आहे.

सध्या तलवार घेऊन आर्जेंट डॉन या गटाच्या रेप्युटेशनच्या मागे आहे. नॅक्स्रामस या रेडचं दार उघडायला ऑनर्डवर ६० गोल्ड, ५ आर्केन क्रिस्टल, २ नेक्सस क्रिस्टल आणि एक रायटियस ऑर्ब लागतात. रिव्हर्डवर ३० गोल्ड, २ आर्केन क्रिस्टल, १ नेक्सस. एक्झाल्टेडवर काहीही नाही. गिल्ड म्हणते, रिव्हर्ड आहेस, भर आणि आत ये, आम्ही थांबलोय. भाऊसुद्धा भरून मोकळा झाला. पण माझे सगळे आर्केन क्रिस्टल कुठे गेले ते वर लिहिलंच आहे, आणि आणखी दोन विकत घ्यायची माझी तयारी नाही. स्ट्रॅथहोमच्या फेऱ्या चालू आहेत. २१,००० पैकी ९,४०० झाले.