नोकरीची हमी आणि बिनव्याजी हप्ते: ग्राफिक डिझाइनच्या क्लासने आम्हाला कसं फसवलं

‘सहा महिन्यांत ग्राफिक डिझायनर व्हा. नोकरीची १०० टक्के हमी. फी बिनव्याजी हप्त्यांत.’ बारावीचे निकाल लागले की पुण्यात ही जाहिरात रिक्षांच्या मागे दिसते, बसस्टॉपवर दिसते आणि दिवसभर मोबाइलवरही येत राहते. मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. बी.कॉम. झाल्यावर अशाच एका जाहिरातीवरून पुण्यातल्या क्लासला प्रवेश घेतला आणि आमच्या घरचे पाऊण लाख रुपये गेले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे क्लासचं नाव देत नाही. पण नाशिक, संभाजीनगरच्या मुलांशी बोलले तेव्हा त्यांनीही जवळजवळ हेच सांगितलं. नाव वेगळं, तऱ्हा तीच. म्हणून ती तऱ्हा आतून कशी चालते ते सविस्तर लिहिते.

मला चित्रकलेची आवड शाळेपासूनची. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. क्लासच्या काउन्सेलर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “मग तर तुझं करिअर झालंच! बीएफए करून चार वर्षं कशाला घालवतेस? तेवढ्यात तू सीनियर डिझायनर होशील.” उपयोजित कलेचा बीएफए, म्हणजे कलेची चार वर्षांची पदवी, हा या क्षेत्राचा राजमार्ग आहे. त्यासाठी राज्य सीईटी कक्ष प्रवेशपरीक्षा घेतो, आणि मुंबईच्या जे. जे. सारख्या शासकीय संस्थेतली फी या क्लासच्या मानाने फारच कमी असते. यातलं काहीच त्या टेबलावर बोललं गेलं नाही.

मॅडमच्या मागे भिंतीवर दोन चौकटी होत्या, एक आयएसओ ९००१ ची आणि दुसरी उद्यम नोंदणीची. त्या दाखवून पप्पांना सांगितलं, “काका, सरकारमान्य आहे सगळं.” आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र असतं, त्याने अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. उद्यम नोंदणी तर कुठलाही छोटा व्यावसायिक आधार क्रमांकावर घरबसल्या फुकट करून घेतो. अभ्यासक्रम खरोखर सरकारी चौकटीत आहे का हे पाहायचं असेल तर राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, म्हणजे एनक्यूआरच्या संकेतस्थळावर, त्याचं नाव शोधा. तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा म्हणत असतील तर मंडळाकडे विचारा. त्या दोन चौकटींनी यातलं काहीही सिद्ध होत नाही.

आता हप्त्यांविषयी. ‘फी हप्त्याहप्त्याने क्लासला भरायची’ असंच आम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते पप्पांच्या नावावरचं कर्ज होतं. मॅडमनी पप्पांचा फोन मागितला, “एक ओटीपी येईल, तेवढा सांगा,” म्हणाल्या. पप्पांचा ईमेल नव्हता, तर तोही मॅडमनीच तिथे बसून उघडला आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. कर्जाचे सगळे कागद त्या ईमेलवर गेले. डिजिटल कर्जाबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जदाराला व्याजदर, एकूण खर्च, सगळे आकार एका कागदावर द्यावे लागतात आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडायची मुभा द्यावी लागते. तो कागद आणि ती मुदत, दोन्ही त्या ईमेलमध्ये होतं आणि ईमेलची किल्ली मॅडमकडे. फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम क्लासला एकदम दिली. क्लासला त्याच दिवशी त्याचे सगळे पैसे मिळाले होते. त्यानंतर आम्हाला शिकवलं काय आणि न शिकवलं काय, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून घडलं.

पावतीवर क्लासचं नाव नव्हतं, भलत्याच फर्मचं होतं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट तपासता येतो. तो १५ अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. आमच्या पावतीवरची नोंदणी आमच्या प्रवेशाच्या आधीच रद्द झालेली निघाली. तरी १८ टक्के जीएसटी त्यांनी आमच्याकडून वसूल केला होता.

शिकवणं कसं होतं? पहिले सर महिन्याभरात सोडून गेले. त्यांच्या जागी आलेले सर प्रोजेक्टरवर यूट्यूबचे व्हिडिओ लावायचे आणि “तसंच करून बघा” म्हणायचे. सगळ्या संगणकांवर सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं. एक दिवस तर अजून डोळ्यांपुढे आहे. दिवाळीच्या शुभेच्छांचं पोस्टर करत होतो. ‘हार्दिक’ टाइप केलं तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजव्या बाजूला जाऊन बसला, रफार सुटला, ‘शुभेच्छा’मधला च्छ फुटून त्यात हलन्त दिसायला लागला. सरांना विचारलं. ते म्हणाले, “मराठीचं असंच होतं. गूगलवर ‘हार्दिक शुभेच्छा’चं चित्र मिळतं, ते उचलून टाका.” इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाची सेटिंग निवडावी लागते, ती निवडली की मात्रा आणि जोडाक्षरं जागेवर येतात. एका क्लिकचं काम. पुण्यात बसून मराठी मुलांना ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं.

हे मला फार लागलं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना अक्षरांतून चेहरा दिला, र. कृ. जोशी यांनी संगणकावरच्या देवनागरीचा पाया घातला, आणि मुक्त, बलू यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट आज कुणालाही फुकट वापरता येतात. मराठी मुलाला या धंद्यात उभं राहायला सगळ्यात भक्कम जागा हीच आहे. पाऊण लाख घेऊन आम्हाला नेमकी तीच शिकवली नाही.

मग सुरू झाला ‘लाइव्ह प्रोजेक्ट’. खऱ्या ग्राहकाचं काम करायला मिळणार म्हणून सगळे खूश. मी एका मिठाईवाल्याच्या काजूकतलीच्या खोक्याचं डिझाइन केलं. जागून केलं, झाकणावर पैठणीच्या काठातले मोर घेतले. सर म्हणाले, “क्लायंटने रिजेक्ट केलं.” दिवाळीत मावशीकडे गेले तर टीपॉयवर तेच खोकं. तेच मोर, आणि डाव्या मोराच्या पिसाऱ्यात माझ्याकडून जुळायची राहिलेली तीच रेघ. क्लास मुलांकडून फी घेऊन त्यांच्याकडूनच धंद्याची कामं करून घेत होता आणि बिलं स्वतःच्या नावाने फाडत होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत पगारावर केलेलं काम याला अपवाद आहे. पण विद्यार्थी नोकर नसतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी करार लागतो. म्हणून काम देताना मूळ फाइल आणि तारखेसह ईमेल स्वतःकडे ठेवा. मी खोक्याच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवल्या होत्या, त्या आज आयोगापुढे पुरावा म्हणून जोडल्या आहेत.

पण सगळ्यात मोठं नुकसान पोर्टफोलिओचं झालं. या क्षेत्रात प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, “काम दाखवा” म्हणतात. क्लासने शेवटी आम्हा सगळ्यांना ‘तयार पोर्टफोलिओ’ करून दिला: कॉफी शॉपचा लोगो, बुटांचं पोस्टर, एका ॲपचे स्क्रीन. रंग बदला, नाव बदला, झालं. मुलाखतीला कर्वे रोडवरच्या एका छोट्या एजन्सीत गेले. आर्ट डायरेक्टर मॅडमनी माझी तीन-चार पानं पाहिली, मग आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर तेच बुटांचं पोस्टर होतं, माझं लाल, हे निळं, खाली दुसऱ्या मुलीचं नाव. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बाळा, हे टेम्प्लेट आहे. तुमच्या क्लासची मुलं आली की मला हेच दिसतं. तुझं स्वतःचं काही असेल तर ते पाठव.” माझं स्वतःचं जे होतं ते मिठाईच्या खोक्यावर दुसऱ्याच्या नावाने विकलं गेलं होतं.

राहिली नोकरीची हमी. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी होत्या: ९० टक्के हजेरी, सगळी असाइनमेंट ‘मंजूर’, आणि ‘संस्थेने दिलेला पहिला प्रस्ताव नाकारल्यास हमी संपुष्टात येईल’. मला आलेला पहिला प्रस्ताव त्याच क्लासमध्ये काउन्सेलर म्हणून बसण्याचा होता. बारावी झालेल्या मुलांना फोन करायचे, ॲडमिशनमागे कमिशन. जिन्यातल्या भिंतीवर ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून ज्यांचे फोटो होते, त्यातली एक मुलगी आत फोनवर बसलेली असायची. तिला विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “ताई, माझे पण हप्ते चालू आहेत.” मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी ईमेल आला की माझी हमी संपली.

माझ्यासारखा जो अडकला असेल त्याने पुढचं नीट वाचा. ‘हप्ते बंद करून टाक’ असं बरेच जण सांगतात. तसं एकदम करू नका. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो, कर्जदाराचा सिबिल स्कोअर पडतो, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखा खटलाही होऊ शकतो. कर्ज आई-वडिलांच्या नावावर असतं, त्रास त्यांना होतो. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि कर्जाचे सगळे कागद मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आम्ही कागद मागवले तेव्हा पप्पांच्या नावावर एक विमाही काढलेला निघाला, आणि त्याचा आकार व्याज-खर्चाच्या त्या एका कागदावर नव्हता. जो आकार त्या कागदावर नाही तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. लोकपालाकडे तक्रार गेल्यावर कंपनीने ते पैसे परत केले.

क्लासविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लासने उत्तर दिलं, ‘फी परत मिळणार नाही असं पावतीवर छापलेलं आहे.’ पावतीवर छापलं म्हणून आपला दाद मागायचा हक्क जात नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, त्यामुळे आमचा दावा पुण्यात नाही, सोलापुरात आहे. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल होतो. मी सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज, पावती, रद्द नोंदणीचं पान, खोक्याच्या फाइली आणि हमी संपल्याचा ईमेल जोडला आहे. फोनवर जे ठरतं ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून ‘असंच ठरलं ना?’ विचारून घ्यायचं, ही एक सवय या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

क्लास निवडताना शिकवणाऱ्या सरांचं नाव विचारा आणि त्यांचं छापलेलं काम पाहायला मागा. आधीच्या बॅचच्या दोन मुलांशी क्लासच्या बाहेर, आपल्या आपण बोला. एक चालू तास मागे बसून पाहू द्या म्हणा. पैसे महिन्याच्या महिन्याला स्वतः भरणार, कर्ज काढणार नाही, एवढं वाक्य टेबलावर बोलून बघा. खरा शिकवणारा असेल तर त्याला अडचण नसते.

मी सध्या शनिवार पेठेतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये काम करते. पगार थोडा आहे. पण प्रेसच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात कापलेल्या लग्नपत्रिका हातात देऊन तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेरची जादा छपाई, कशाला सोडायचं ते दाखवलं. बारीक मजकूर चार रंगांत नाही, एकट्या काळ्यातच का ठेवायचा हे मशीनवर प्रूफ काढून शिकवलं. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे मॅटर लावतानाच बघ म्हणून बजावलं. इंकस्केप आणि क्रिटा ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यांवर घरी सराव करते. पोर्टफोलिओत आता पाच कामं आहेत, पाचही छापलेली.

माझ्या बॅचच्या मुलांसाठी एक शेवटचं. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि आपली अजून संपलेली नाही. सारखीच फसवणूक झालेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढा, हप्त्यांच्या नोंदी त्यात आहेत. ज्यांचं पोस्टर, खोकं, फ्लेक्स कुठे छापलेलं दिसलं असेल त्यांनी त्याचा फोटो दुकानाच्या पाटीसकट काढून ठेवा. माझा दावा कसा लिहिला आहे तो पूर्ण मसुदा मी ज्याला हवा त्याला देईन.