यारवूडची वाट की कूगनची? नकला करणाऱ्या मुलामुलींसाठी

गॅदरिंगमध्ये नेत्यांचे, नटांचे आवाज काढून टाळ्या घेणाऱ्यांपुढे विशीत एक प्रश्न येतोच: पुढे नकलाच करायच्या, की नट व्हायचं? ब्रिटनमध्ये या दोन्ही वाटा दोघांनी पार टोकापर्यंत चालून दाखवल्या आहेत, माइक यारवूड आणि स्टीव्ह कूगन यांनी. दोघेही मँचेस्टरच्या आसपासचे, दोघांचेही कान विलक्षण तयार. म्हणून ही तुलना कामाची.

यारवूड (१९४१–२०२३) हा अस्सल नकलाकार. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन करताना तोंडात पाइप आणि अंगात तो ठरलेला रेनकोट, दुसरे पंतप्रधान एडवर्ड हीथ करताना हसू आलं की गदगदा हलणारे खांदे. बीबीसीवरचा त्याचा १९७७ चा नाताळचा कार्यक्रम २ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. अर्थमंत्री डेनिस हीली यांच्या तोंडी त्याने ‘सिली बिली’ (म्हणजे वेडपट) हे शब्द घातले. हीली ते कधी म्हणत नव्हते, पण लोकांना ते इतके पटले की पुढे हीली स्वतःच ते म्हणायला लागले. नकलेला याहून मोठी दाद मला तरी माहीत नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी यारवूड ‘आणि हा मी’ असं म्हणून स्वतःच्या आवाजात गाणं म्हणायचा. मला त्या शब्दांनी नेहमी गलबलून येतं. एवढे सगळे ज्या गळ्यातून बोलून गेले, त्याला आपली ओळख वेगळी करून द्यावी लागत होती.

आणि या वाटेचा धोका तिथेच आहे. १९७६ मध्ये विल्सन पायउतार झाले, १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर आल्या. त्यांचा आवाज यारवूडला साधेना. त्याच्याच कार्यक्रमात थॅचर करायला जॅनेट ब्राउन ही दुसरी नकलाकार यायची. १९८२ मध्ये तो बीबीसी सोडून आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि १९८७ मध्ये तिथलाही कार्यक्रम थांबला. मंचाची भीती आणि दारू यांनीही त्याला पोखरलं. पण माणसं बदलली की नकलाकाराच्या पोतडीतला अर्धा माल एका निवडणुकीत जुना होतो, हे दारूला हात न लावणाऱ्यालाही चुकत नाही.

कूगनचा (जन्म १९६५) आरंभ तसाच आहे. मँचेस्टरला नाट्यशिक्षण, मग ‘स्पिटिंग इमेज’ या राजकीय बाहुल्यांच्या कार्यक्रमाला आवाज. तिथेच राहिला असता तरी पोट भरलं असतं. पण १९९१ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वरच्या ‘ऑन द अवर’ या विनोदी बातमीपत्रासाठी क्रीडा वार्ताहर हवा होता. कुणा एकाची नक्कल नको होती, सगळ्या क्रीडा वार्ताहरांचा मिळून होणारा एक आवाज हवा होता. त्या आवाजातून ॲलन पार्ट्रिज जन्मला. १९९४ मध्ये त्याला स्वतःचा टॉक शो मिळाला. १९९७ च्या मालिकेत तो सगळं गमावून नॉरिच या लहान शहराच्या स्थानिक रेडिओवर भल्या पहाटेचा कार्यक्रम करत हॉटेलात राहताना दिसतो. तीस वर्षं उलटली तरी हा माणूस जिवंत आहे. त्याचा मूळ मालकच नाही, त्यामुळे कुणाच्या निवृत्तीने तो संपत नाही. सुरुवातीला पंचविशीतल्या कूगनला त्याच्यासाठी वय चढवावं लागायचं. आता नटाचं वयच पात्राला खतपाणी घालतं.

पण एक गोष्ट लपवू नये. पार्ट्रिज एकट्याने घडला नाही. आर्मांडो इयानुची, पॅट्रिक मार्बर अशी लिहिणारी मंडळी सोबत होती. नकलाकाराला एक माइक पुरतो. पात्र घडवायला तालीम करणारा, चुका दाखवणारा, लिहिणारा गट लागतो. पुढे कूगन स्वतःही लिहू लागला: ‘फिलोमिना’ (२०१३) ची पटकथा त्याने जेफ पोप यांच्यासोबत लिहिली, तिला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. २०२४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये त्याने चार भूमिका केल्या. त्याच नावाच्या मूळ चित्रपटात पीटर सेलर्स या विनोदी नटाने तीन केल्या होत्या. तो सेलर्सही १९४८ मध्ये रेडिओवरच्या प्रसिद्ध विनोदवीरांच्या आवाजात बीबीसीच्या निर्मात्याला फोन करूनच आत शिरला होता.

मधली वाटही आहे, रॉब ब्रायडन या ब्रिटिश विनोदी नटाची. व्हॉइसओव्हर, सूत्रसंचालन, मालिकांमधल्या भूमिका, आणि आवाज गप्पांच्या ओघात. ‘द ट्रिप’ (२०१०) या मालिकेत तो आणि कूगन जेवणाच्या टेबलावर ब्रिटिश नट मायकेल केनच्या आवाजावरून भांडतात, ते जरूर पाहा. ब्रायडन म्हणतो, सिगार आणि ब्रँडीने तो आवाज वर्षांगणिक खाली उतरला. कूगन त्याचं नाकातलं बोलणं आणि भावना दाटल्यावर फाटणारा स्वर दाखवतो. आवाजाला वय असतं, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

घर चालवायचंय आणि लिहिणारे मित्र नाहीत, तर ब्रायडनकडे बघा. तुम्ही बातम्या रोज ऐकता, नवा नेता आला की त्याचा आवाज तुम्हाला आठवड्यात साधतो, तर यारवूडची वाट खुशाल धरा, फक्त पोतडी सतत भरत राहा. बाकी सगळ्यांना मी कूगनची वाटच सुचवेन, उशीर लागला तरी.

ठरत नसेल तर आज हे करा. तुमचा सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा आवाज काढा, त्यातली लोकांना पाठ असलेली वाक्यं टाळा, आणि त्या आवाजात दहा मिनिटं घरमालकाकडे डिपॉझिट परत मागा. पाचव्या मिनिटाला मूळ माणूस गळून पडून दुसराच कुणी बोलायला लागला, तर त्याला नाव द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.