टास्कबारवर नेटचा आकडा: सात महिने वापरल्यावर

दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, दाखले, पीक विमा, झेरॉक्स. जूनमध्ये दुकानातल्या विंडोज टेनवर 'ट्रॅफिक मॉनिटर' टाकलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), घड्याळाशेजारी नेटचा चालू वेग दाखवतं.

एमएस-सीआयटीच्या वेळी विंडोज एक्सपीत कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर असायचे, डेटा आला-गेला की लुकलुकायचे. विंडोज सेव्हनपासून ते लुकलुकणं गेलं. आता दिसतात त्या वायफायच्या दांड्या, आणि त्या सांगतात फक्त कॉम्प्युटर ते राउटर एवढ्या दहा फुटांचं. पुढे नेट आहे का हे विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच एका पत्त्यावरची छोटी फाइल मागवून तपासतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढे तीनच शब्द असतात. ते मिळाले की विंडोजच्या लेखी सगळं ठीक, मग आपलं पोर्टल जागचं हलत नसलं तरी. नाही मिळाले की दांड्या जाऊन पृथ्वीचा गोळा येतो. आणि इकडे समोर बसलेले काका म्हणतात, "दांड्या तं भरून हायेत ना बाप्पा, मंग काहून नाई होत?"

खरी परीक्षा जुलैत झाली, पीक विम्याच्या गर्दीत. पासबुकाची पीडीएफ चढवताना ब्राउझरमधलं चक्र फिरत राहतं, त्यावरून काहीच कळत नाही. आधी मी वैतागून रिफ्रेश मारायचो आणि अख्खा फॉर्म पुन्हा भरायचो. आता अपलोडच्या आकड्याकडे बघतो. चाळीस-पन्नास केबी दिसत असेल तर फाइल चालली आहे, माउसला हात लावायचा नाही. आकडा शून्यावर बसला आणि चक्र तरी फिरतंच आहे, तर माझ्याकडून काही जात नाही. मिनिटभर वाट बघून मग रिफ्रेश. एवढ्या एका गोष्टीसाठी हे सॉफ्टवेअर ठेवण्यासारखं आहे.

आकड्यांशेजारी अपलोड-डाउनलोडचे बाण असतात, त्यांच्या जागी आपल्याला हवं ते लिहिता येतं. मी 'गेलं' आणि 'आलं' लिहिलं, फॉन्ट मोठा केला, रंग पिवळा. तेव्हापासून बाकावरची मंडळीच आकडा वाचतात. "भाऊ, बारावर आलं पाय!"

एकदा मात्र फजिती झाली, चूक माझीच. मेनूत कोणतं कनेक्शन मोजायचं ते निवडता येतं, तिथे मी केबल निवडून ठेवली होती. लाइन गेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू ठेवून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, तर आकडा शून्यच. अर्धा तास मोबाइलला शिव्या दिल्या. दोन्ही आलटून-पालटून वापरत असाल तर ऑटो सिलेक्ट ठेवा.

हॉटस्पॉटवर दुसरी डोकेदुखी डेटाची. रोजच्या दीड जीबीतला बराचसा एका दुपारी विंडोज अपडेटने खाल्ला होता. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन (म्हणजे 'इथे डेटा मोजून वापर' असं विंडोजला सांगणं) चालू केलं, आणि ट्रॅफिक मॉनिटरमध्ये दिवसाला एक जीबी झाला की सूचना लावली. कोणत्या दिवशी किती गेला याचा हिशोबही त्यातच राहतो.

आकडा बघून लगेच प्लॅनवाल्याशी भांडायला जाऊ नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, हे बाइटमध्ये दाखवतं, आठाने भागायचं. 30 एमबीपीएसच्या लाइनवर जास्तीत जास्त पावणेचार एमबी दिसेल. आणि हा आकडा म्हणजे लाइनची ताकद नाही, त्या क्षणी जे वाहतं आहे तेवढंच. काही उघडलेलं नसेल तर शून्याच्या आसपासच राहणार.

लाइट आवृत्ती घ्या. मोठ्या आवृत्तीत तापमान वगैरे दिसतं, पण त्यासाठी अ‍ॅडमिनची परवानगी लागते. तापमान काय, मे महिन्यात तसंही दुकानात बसून कळतंच.