दहा बाय अकराच्या खोलीत दीड टन: वर्षभरानंतर

बेडरूमला एक टनाचा एसी पुरेल, असं सगळे सांगत होते. मी म्हटलं, थोडा मोठाच असू दे, खोली लवकर गार होईल. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट बसवला, तोही इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त न करणारा. खोली लवकर गार होते, यात वाद नाही. पाच-सात मिनिटांत चोवीस, आणि खट् करून कॉम्प्रेसर बंद. थोड्या वेळाने पुन्हा खट्. रात्रभर हेच.

उन्हाळ्यात काही वाटलं नाही. पावसाळ्यात मात्र उशी दमट, चादर चिकट. चोवीसचं बावीस केलं तर पांघरूण लागायला लागलं, चिकचिक तशीच. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, आकडा 70च्या खाली यायलाच तयार नाही. गॅस गेला असेल म्हणून मेकॅनिक बोलावला. गॅस ठीक होता. जाताना म्हणाला, ड्रेनच्या पाइपखाली रात्री बादली ठेवून बघा. सकाळी तळाशी जेमतेम तांब्याभर पाणी. बाष्प गार कॉइलवर जमतं, पण ओघळून बाहेर पडेपर्यंत कॉम्प्रेसर सलग चालायला हवा. आमचा मध्येच थांबायचा, ब्लोअर फिरत राहायचा, आणि कॉइलवरची ओल परत खोलीत.

गंमत म्हणजे गच्चीखालच्या खोलीत नेमकं उलटं. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, पण वर तापलेला स्लॅब, पश्चिमेला मोठी काच, दिवसभर चालणारे दोन कॉम्प्युटर. तिथला एक टनाचा इन्व्हर्टर दुपारी चारला पूर्ण जोर लावूनही अठ्ठावीसच्या खाली येत नव्हता. टन म्हणजे वजन नव्हेच. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी ओढून काढायची ताकद: तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण साडेतीन किलोवॅट. मी चौरस फूट मोजले होते, ऊन मोजलंच नव्हतं.

शेवटी दोन्ही एसींची अदलाबदल केली. आता बेडरूममध्ये एक टनवाला मंद घरघरत राहतो, बादली सकाळी अर्धी भरते, सव्वीसवर झोप लागते. (फार मोठा इन्व्हर्टर घेतला तरी सुटका नाही, तोही एका मर्यादेखाली मंदावत नाही.) वर दीड टन दुपार निभावतो. काचेवर जाड पडदा मात्र आधीच लावायला हवा होता, तो लावल्यावर लगेच फरक पडला.

अदलाबदलीत तांब्याच्या पाइपची जाडी जुळली नाही, दोन्हीकडे नवे पाइप घालावे लागले. बेडरूमच्या भिंतीतलं जुनं भोक अजून बुजवायचं आहे, सध्या तिथे वर्तमानपत्राचा बोळा आहे.